घर रोज हलवू नका: कॅराव्हॅन घेऊन कोल्हापूर खायला-बघायला निघालेल्या जोडप्यासाठी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ६६, वहिनींचं ६२, दोघंही निवृत्त. डोंबिवलीहून कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन डिसेंबरात दहा दिवस कोल्हापूर जिल्हा फिरायचा बेत आहे. तुम्हाला तांबडा-पांढरा रस्सा मनसोक्त खायचाय, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे. वहिनी शाकाहारी. यादीत चौदा ठिकाणं लिहिली आहेत आणि विचारलंय की रात्री गाडी कुठं लावायची, तिखट झेपेल का, वहिनींनी काय खायचं आणि घाटात काही धोका आहे का.

मी कोल्हापूरची. हायस्कूलमध्ये गृहशास्त्र शिकवत होते. आमच्या ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप मुलाच्या हाती दिल्यावर, २०१७ साली, आम्ही एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि ह्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली. तेव्हापासून दरवर्षी दोन-तीन महिने आमचा संसार चाकावर असतो. बाहेरगावची बरीच जोडपी आमच्याकडं विचारायला येतात आणि जवळजवळ सगळ्यांची यादी तुमच्यासारखीच असते: दहा दिवस, चौदा गावं. म्हणून पहिलं सांगणं हेच की गाडी म्हणजे घर आहे, घर रोज हलवू नका. रोज हलवायचं तर पलंग आवरा, भांडी बांधा, गॅस बंद करा, टाकीचं झाकण बघा, नवी जागा शोधा, गाडी समपातळीत आणा, यातच सकाळ-संध्याकाळ जाते. साठीनंतर तिसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागते आणि मग रश्शाची चवही लागत नाही.

दहा दिवसांत तीनच मुक्काम करा. पहिला नरसोबाच्या वाडीच्या बाजूला, तीन रात्री. दुसरा कोल्हापूर शहराबाहेर पन्हाळ्याच्या वाटेवर, चार रात्री. तिसरा राधानगरीकडं, दोन रात्री. हा क्रम मुद्दाम असा लावलाय. पूर्वेकडचा कृष्णाकाठ सपाट आहे, तिथं गाडीचा हात बसतो. चढ-उतार शेवटी येतात. खाण्याचंही तसंच. वाडीकडं बासुंदी, वांगी, भाकरी असं सौम्य असतं, पोट जरा रुळलं की मग रस्सा. विशाळगड, गगनबावडा, आंबोली ही नावं या खेपेला काढून टाका. आंबोलीचं खरं रूप पावसात. विशाळगडाला पायऱ्या-चढण बरीच, शिवाय मोठी गाडी घेऊन त्या रस्त्याला जाण्यात सुख नाही.

आता गाडीबद्दल. भाड्याची कॅराव्हॅन बहुतेक वेळा ड्रायव्हरसकट मिळते. ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा की ड्रायव्हर रात्री झोपणार कुठं? दोघांच्या घरात तिसरा माणूस पुढच्या सीटवर दहा रात्री आखडून झोपला तर अकराव्या दिवशी तुम्हाला महामार्गावरून नेणार कोण? त्याच्यासाठी मुक्कामाच्या जागी खोली किंवा निदान खाट-गादी सांगून ठेवा आणि जेवायला त्याला आपल्या पंगतीत घ्या. स्वतः चालवणार असाल तर लायसन्सची मुदत बघा. पंचावन्नच्या पुढं नूतनीकरण पाचच वर्षांसाठी होतं. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

गाडीची उंची फूट-इंचांत मोजून घ्या आणि स्टिअरिंगसमोर कागदावर लिहून चिकटवा. आमच्या कागदावर ९ फूट ४ इंच लिहिलंय. तो चिकटवण्याआधी पहिल्याच वर्षी एका शेताच्या वाटेवर आंब्याच्या फांदीखालून जाताना टपावरच्या सोलर पॅनेलचा कोपरा फुटला होता. फांदी दिसली होती, अंदाज चुकला. गावातल्या स्वागतकमानी, गल्लीत आडव्या गेलेल्या विजेच्या तारा, बैठ्या फांद्या, सगळ्यांत घात तारांचा असतो. शंका आली की एकानं खाली उतरायचं आणि लांब उभं राहून बघायचं. आमच्याकडं ते काम माझं. मी हात वर केला की हे ब्रेक दाबतात, तेव्हा चर्चा नाही.

वीज आणि पाण्याचा हिशेब वहिनींनाही माहीत असू द्या. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो, म्हणजे बॅटरीवर दोन तासांत खेळ संपला. पण डिसेंबरात आमच्याकडं रात्री गारवा असतो, एसी लागतच नाही. दिवे, छोटा पंखा, मोबाईल आणि लहान फ्रीज एवढंच ठेवलं तर तीच बॅटरी आरामात रात्र काढते, फक्त इंडक्शन शेगडी त्यावर लावू नका. पाणी आम्हा दोघांना दिवसाला पंचवीस-तीस लिटर पुरतं, भांडी आधी कागदानं पुसून घेतली तर. टाकी काठोकाठ भरून घाट चढू नका, १०० लिटर म्हणजे १०० किलोचं ओझं. स्वयंपाकाला पाच किलोचं सिलिंडर पुरे. गाडी चालू करण्याआधी रेग्युलेटर बंद झाला का, हे एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं हात लावून बघायचं.

रात्री कुठं लावायची? राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं, पण त्या भरवशावर जागा शोधत फिरू नका. आमच्या भागात तीन प्रकारच्या जागा कामाला येतात: कृषी पर्यटन केंद्राचं आवार, देवस्थानाजवळच्या भक्तनिवासाचं किंवा पार्किंगचं मैदान आणि ओळखीतून मिळालेलं शेतातलं खळं. तिन्हीकडं दिवसाउजेडी पोचा, मालकाला किंवा व्यवस्थापकाला विचारा, पैसे आधी ठरवा. नुसतं विचारलं तरी कोल्हापूरकडचा माणूस चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, पण न विचारता शेताच्या बांधाला गाडी लावली तर त्याला राग येतो आणि तो रास्त आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. संडासाची टाकी नदीत, ओढ्यात किंवा उसाच्या पाटात रिकामी करू नका. पंचगंगेचे हाल आम्ही रोज बघतो, पाहुण्यांनी त्यात भर घालू नये. मुक्कामाच्या मालकाला विचारून त्यांच्या शौचालयातच ती रिकामी करायची आणि भरपूर पाणी ओतायचं. ओट्याचं साबणाचं पाणीसुद्धा कुठं सोडायचं ते विचारा.

आणि दिवस मावळला की गाडी बंद. तुम्ही येताय तो उसाचा हंगाम आहे. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं झाकलेला. शिवाय बैलगाड्या. रस्त्यावर सांडलेल्या उसावरून ब्रेक दाबला की चाक घसरतं. माझ्या डोळ्यांदेखत एका संध्याकाळी दुचाकीवरचा पोरगा अशा ट्रॉलीच्या मागच्या उसात घुसता घुसता वाचला. साडेपाचच्या आत मुक्काम गाठायचा, हा आमच्या घरचा नियम तेव्हापासूनचा आहे.

डोंबिवलीहून एका दमात येऊ नका. पुण्याच्या पुढं कुठंतरी रात्र काढा. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण पेठ नाका-ईश्वरपूरच्या (पूर्वीचं इस्लामपूर) पट्ट्यात करा आणि तिथं वहिनींसाठी आख्खा मसूर मागवा. न फोडलेला मसूर, कांदा-लसूण घालून दाटसर परतलेला, वर तर्री, सोबत रोटी आणि कच्चा कांदा. आमच्याकडची मटण खाणारी माणसंही ढाब्यावर हा आवडीनं खातात. तिथून कोल्हापूरकडं न वळता सांगली-जयसिंगपूरमार्गे वाडीला या. जयसिंगपुरात भडंग घ्या. लसणाचा वास आणि शेंगदाणे असलेली ही चुरमुऱ्यांची भडंग गाडीत चारच्या चहाला दहा दिवस पुरते.

नृसिंहवाडी, म्हणजेच नरसोबाची वाडी, कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर आहे. दत्ताच्या पादुका घाटावरच. पावसाळ्यात नदीचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून वाहतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. डिसेंबरात पाणी खाली असतं आणि घाटाच्या पायऱ्यांवर पहाटे बसायला मिळतं. पायऱ्या ओल्या असतील तर कठड्याच्या बाजूनं उतरा. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घ्या. कवठाची बर्फी आंबट-गोड असते, दुसरीकडं सहसा मिळत नाही. बासुंदी तिथंच वाटीभर खा, पातेलंभर आणून फ्रीजमध्ये ठेवू नका, छोट्या फ्रीजला तेवढी थंडी धरता येत नाही.

वहिनींसाठी वाडीचं खरं धन म्हणजे कृष्णाकाठची वांगी. गाळाच्या मातीतली, काटेरी देठाची, आत बिया कमी. इथं कॅराव्हॅनचा खरा उपयोग कळतो. लॉजवर उतरलेला माणूस ही वांगी नुसती बघून पुढं जातो, तुमच्याकडं ओटा आहे. सकाळी बाजारातून आठ-दहा लहान वांगी आणा. देठ ठेवून चार चिरा द्या आणि मिठाच्या पाण्यात टाका. शेंगदाण्याचा कूट, भाजलेलं खोबरं, तीळ, चमचाभर कांदा-लसूण चटणी, चिमूटभर गूळ, कोथिंबीर एकत्र करून भरा. तेलात परतून झाकणावर पाणी ठेवून शिजू द्या. चटणी म्हणजे आमच्याकडं मसाला बरं का. कोल्हापुरात कुणी ‘घरची चटणी’ म्हणालं की ते वर्षाचं कुटून ठेवलेलं लाल तिखट समजायचं. भाकरी बनवायचा त्रास घेऊ नका, मुक्कामाच्या घरी सांगितलं की ज्वारीच्या गरम भाकऱ्या थापून मिळतात.

या मुक्कामावरून एक दिवस खिद्रापूरला द्या. वाडीहून सुमारे वीस किलोमीटर, रस्ता सपाट, मंदिराला चढ नाही. कोपेश्वराचं हे देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहार राजांच्या काळातलं. समोरच्या स्वर्गमंडपाला छत मधोमध गोल उघडं ठेवलंय आणि बरोबर त्याखाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा आहे. भोवती खांबांचं कडं. खांब एकाच दगडाचे असूनही खाली चौकोनी, मग अष्टकोनी, वर गोल असे बदलत जातात. हात लावून बघा, काही खांब इतके घोटीव आहेत की आपलं बोट त्यात अंधुक दिसतं. बाहेरच्या भिंतीला तळाशी हत्तींची रांग आहे आणि देऊळ त्यांच्या पाठीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. शंकराच्या देवळात नंदी मात्र नाही. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, म्हणून महादेव इथं कोपलेले आणि नंदीविना, आणि त्यांची समजूत काढायला विष्णू शेजारी, असं लोक सांगतात. नंदी नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान तिथं असा. वरून उतरलेलं ऊन शिळेवर सरकत येताना दिसतं, आम्ही दोघं दर खेपेला त्यासाठी तासभर बसतो.

दुसरा मुक्काम केर्ली-वाघबीळच्या बाजूला करा. जोतिबा आणि पन्हाळ्याचा फाटा तिथंच आहे आणि शहर दहा-बारा किलोमीटरवर. शहरात मोठी गाडी नेऊच नका. महाद्वार, गंगावेश, मिरजकर तिकटी या भागात रिक्षासुद्धा वाट काढत जाते. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस किंवा दिवसभरासाठी ठरवलेली रिक्षा घ्या.

शहरासाठी एक दिवस पहाटे निघा. अंबाबाईचं दर्शन गर्दीच्या आधी आटोपतं. मग गंगावेशच्या दूध कट्ट्यावर या. म्हशी समोर उभ्या असतात, धार काढून फेसाळ दूध तिथंच ग्लासात देतात. तालमीतल्या पैलवानांपासून आजीबाईंपर्यंत सगळे उभ्यानं पितात. पण ते कच्चं दूध आहे. आम्ही लहानपणापासून पीत आलो, तुमच्या वयात आणि सवय नसताना मी तसं प्यायला सांगणार नाही. किटली बरोबर न्या, दूध विकत घ्या आणि गाडीत उकळून प्या. जाड साय धरेल, त्यात गूळ घालून वहिनींना द्या.

नऊच्या आत मिसळ. उद्यमनगरातली फडतरे यांची, कसबा बावड्याची, अशी नावं तुम्हाला सगळेच सांगतील. आमचे हे वर्कशॉपमुळं तीस वर्षं उद्यमनगरातच खात आलेत. मटकी, बटाटा, शेव-चिवडा, कांदा आणि वरून कट, म्हणजे तिखट तर्रीचा रस्सा, बरोबर गोल पाव न देता ब्रेडच्या स्लाइस, ही आमच्याकडची रीत. वाढणाऱ्याला सांगा, ‘कट वेगळा द्या.’ आधी चमचाभर घालून बघा, मग वाढवा. त्यात कमीपणा नाही, आमच्यातलेही कितीतरी जण वयानुसार तसंच मागतात.

आता रश्शाचं, कारण प्रश्नाचा गाभा तोच आहे. तांबडा बघून माणूस घाबरतो. पण तो रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो, तिला रंग जास्त, तिखटपणा कमी. झणका येतो तो संकेश्वरी किंवा लवंगीचा. चांगल्या तांबड्यात भाजलेला कांदा, खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी असते. तिखट तर लागतंच, पण त्यामागून गोडसर खमंगपणा येतो. नुसतं जाळणारं तिखट असेल तर समजा, मसाला कमी आणि तिखटपूड जास्त. पांढऱ्यात मिरची नावाला. मटण आलं-लसूण-मीठ घालून शिजवल्यावर जे पाणी राहतं त्याला अळणी म्हणतात. त्यात काजू-खसखशीचं वाटण, तुपात तडतडलेले लवंग, दालचिनी, मिरी, आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर आच मंद करून सारखं ढवळायचं, खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो आणि वर पाणी, खाली चोथा होतो. वाटीत पांढरा एकसारखा, सायीसारखा दिसला की ते स्वयंपाकघर चांगलं आहे असं समजून बाकीचं निर्धास्त मागवा.

तुम्हाला तिखटापेक्षा मीठ सांभाळायला हवं. रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, वाटी रिकामी दिसली की भरतात, आणि चार वाट्यांमधून मीठ किती गेलं ते कळत नाही. माझा सल्ला असा: रस्सा दुपारीच खा, बाराच्या सुमारास, एका वेळेला एक वाटी पांढरा आणि एक तांबडा, सोबत सुकं मटण आणि भाकरी. वाटीवर हात आडवा धरला की वाढणारा समजून जातो. त्या दिवशी लोणचं, पापड, फरसाण बंद. रात्री गाडीत मऊ भात, ताक आणि भाजी. दिवसातून एकच जड जेवण बाहेर, हे दहाही दिवस पाळा. आमच्याबरोबर आलेल्या एका गृहस्थांनी लागोपाठ दोन रात्री रस्सा चापला आणि तिसऱ्या रात्री दीड वाजता छातीत जळजळ आणि घाम म्हणून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. निघालं पित्त, पण ती दीड तासाची धावपळ त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावर मी पाहिली आहे. छातीत दुखलं तर पित्त समजून थांबू नका, लगेच गाठा. शहरात सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. गोळ्यांची चिठ्ठी आणि जुना ईसीजी गाडीत समोरच्या कप्प्यात ठेवा.

संध्याकाळी रंकाळ्यावर चालून या, खासबागेजवळ भेळ खा आणि तिथलं कुस्तीचं मैदान बघा. ते शाहू महाराजांनी बांधवलं. मधोमध आखाडा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेल्या बैठका, कुठंही बसा, लाल माती सारखीच दिसते. न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ या काळात बांधला. त्याला अर्धा दिवस द्या.

याच मुक्कामातून गुऱ्हाळ बघायचं. मुक्कामाच्या मालकाला सांगितलं की तो जवळचं चालू गुऱ्हाळ दाखवतो. सकाळी सात-आठला जा. घाण्यातून निघालेला रस मोठ्या काहिलीत येतो, खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापला की वर काळपट मळी धरते. भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी रसात घालतात, ते मळीला वर ओढतं, आणि लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती काढून टाकतात. पुढचे दोन-अडीच तास सगळा भार गुळव्यावर, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरावर. तो बोलत नाही, फक्त फेसाकडं बघत असतो. आधी बुडबुडे मोठे आणि पांढरे, मग लहान, पिवळे, मग काहीलभर सोनेरी फुलं उमलल्यासारखं. तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळा करतो आणि गोळी बांधली गेली की एक हाक मारतो. चार-पाच माणसं धावतात आणि अख्खी काहील उचलून वाफ्यात ओततात. एक मिनिट उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर काढला तर ढेप बसत नाही. त्याआधी निघालेली काकवी गरम गरम भाकरीवर घालून देतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. घेताना पिवळाधमक गूळ टाळा, रंग उजळायला हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर घातलेली असू शकते. तपकिरी, जरा मऊ, चाखल्यावर खारट न लागणारा घ्या.

जोतिबा आणि पन्हाळा वेगवेगळ्या दिवशी. पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटर. वर जाताना सकाळी लवकर निघा आणि शनिवार-रविवार टाळा. अंबरखान्याची धान्यकोठारं, अंधारबाव, तीन दरवाजा, सज्जाकोठी, एवढं पुरे. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले तो हा गड, सज्जाकोठीवरून खालची दरी बघितली की गड किती अवघड आहे त्याचा अंदाज येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले गेले, त्यांत पन्हाळा आहे. जेवायला झुणका-भाकर, खर्डा आणि मडक्यातलं दही. खर्डा म्हणजे ठेचा. दह्यात कालवून खा. हे वहिनींचं आवडतं जेवण ठरेल, लिहून देते.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणावर पेडल मऊ लागतं. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, पंधरा मिनिटं बसा, चाकावर पाणी ओतू नका.

तिसरा मुक्काम राधानगरी, कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर, भोगावतीच्या काठानं. इथलं धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडणारे सात दरवाजे याला आहेत, डिसेंबरात ते बंद असतात. इथं खायला जायचं नाही, खायला करायचं. शहरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातून आजरा घनसाळ तांदूळ घेऊन या. दाणा बारीक, वास दाट, त्यालाही मानांकन आहे. दोन वाट्या पाण्यात एक वाटी तांदूळ, वर तूप, बाजूला काकवी आणि ताक. जलाशयाच्या बाजूला संध्याकाळी झाकण उघडलं की वास गाडीबाहेर जातो. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य इथून पुढं आहे, राधानगरी अभयारण्याची मूळ घोषणा १९५८ ची. जंगलात मोठी गाडी नेण्याचा विचार करू नका, स्थानिक जीप ठरवा. कडाक्याची थंडी असते, स्वेटर-कानटोपी घ्या. मोबाईलची रेंज जाते येते, म्हणून मुलांना दुपारीच फोन करून ठेवा. अंधारात रस्त्यावर गवा उभा राहिला तर दिवा बारीक करून थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही.

तारखांबद्दल एवढंच की डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडा, अंबाबाई आणि पन्हाळ्यावर उभं राहायला जागा नसते. मार्गशीर्षात जवाहरनगरच्या रेणुका मंदिराची आंबील यात्रा असते, ती जमली तर बघा. नैवेद्याला आंबील, भाकरी, वरणं-वांग्याची भाजी, कांद्याची पात. वहिनींना तिथं पानावर बसूनच कोल्हापूरचं शाकाहारी खाणं कळेल. तारीख हलवता येत असेल तर जानेवारीची अखेर आणखी चांगली. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात, गुऱ्हाळंही तेव्हा जोरात असतात. ढग आले तर किरण अडतं, म्हणून तीन दिवसांतले दोन मोकळे ठेवा.

परतताना चटणी आणि गूळ न्यालच. चटणी काचेच्या बरणीत घ्या आणि बरणी पिशवीत गुंडाळून ओट्याखाली ठेवा, उघडी राहिली तर पलंगाच्या चादरीला महिनाभर वास राहतो. काकवीची बाटली उभी ठेवून दोन उशांमध्ये बांधा आणि बूच सैल नाही ना, ते वळणाचा रस्ता लागण्याआधी एकदा बघून घ्या.